कोर्टाच्या तळघरातला वकील

त्या वकिलाची आणि माझी गाठ पडली तेव्हा तो एका माणसाच्या मरणाची वाट बघत होता. गाठ पडली म्हणजे कागदावर. तो स्वतः मरूनच दीडशेच्या आसपास वर्षं झाली होती. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या गावात, जुन्या कोर्टाच्या तळघरात बसले होते आणि त्याची वही माझ्यासमोर उघडी होती. पहिल्या पानावर त्याने लिहिलं होतं, आज ताप चढला. दुसऱ्या दिवशी, शुद्ध नाही. तिसऱ्या दिवशी, पाणी मागितलं. असे नऊ दिवस. नवव्या दिवशी फक्त वेळ होती, सकाळचे सव्वासहा, आणि खाली एक आडवी रेघ.

"घरातलं कोणी आजारी होतं का त्याच्या? भाऊ वगैरे?" मी सरांना विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "त्यानेच गोळी घातली होती त्या माणसाला."

सर म्हणजे त्या गावच्या शाळेतले इतिहासाचे रिटायर्ड शिक्षक. सत्तरी ओलांडलेले, गोरे, हडकुळे, कानात मशीन. मी त्यांना सर म्हणायची याची त्यांना गंमत वाटायची, कारण तसं त्यांना फक्त शाळेतली पोरं म्हणायची. काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याचे, जुने कागद सांभाळायचं काम ते फुकट करत होते. मीही तिथे फुकटच होते. आम्ही त्याच राज्यातल्या कॅरी नावाच्या शहरात राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. नवरा आयटीत, त्याचा वर्क व्हिसा, माझा डिपेंडंट. त्याआधी अकरा वर्षं मी विदर्भातल्या एका जिल्हा कोर्टात वकिली केली होती. त्या सनदेला इथे कोणी विचारत नव्हतं. लायब्ररीत एक दिवस नोटीस दिसली, जुनं हस्ताक्षर वाचू शकणारे स्वयंसेवक हवेत. चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून गेले.

"जुनं कर्सिव्ह वाचता येईल तुम्हाला?" सरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"मी आमच्याकडच्या तलाठ्यांचं अक्षर वाचलंय," मी म्हटलं. मग तलाठी म्हणजे काय ते सांगावं लागलं. ते हसले आणि त्यांनी माझ्यापुढे वकिलाचं खोकं ठेवलं.

वर कोर्टाच्या हॉलमध्ये त्याचं मोठं तैलचित्र होतं. काळा कोट, पांढरे कल्ले, हातात चांदीच्या मुठीची काठी. खाली पितळी पाटी: वकील, आमदार, या काउंटीचा सुपुत्र, अज्ञात इसमांच्या हातून मृत्यू. कोर्टाचं नूतनीकरण चाललं होतं आणि पाटी नवीन करायची होती. म्हणून त्याचे कागद टाइप करून घ्यायचे होते. एवढंच काम.

तो खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. बाप दारूच्या गुत्त्यात भोसकला गेला तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा. पुढे एका वकिलाकडे कारकुनी करता करता त्याने पुस्तकं वाचली, परीक्षा दिली, आणि एकविसाव्या वर्षी काळा कोट चढवला. पहिलाच खटला खुनाचा. आरोपीने गुत्त्यातच एकाचं पोट फाडलं होतं, जवळजवळ त्याच्या बापासारखंच, आणि याने त्याला सोडवलं. त्या दिवसाबद्दल त्याने एकच ओळ लिहिली होती, की ज्युरी माझ्याकडे बघत होती, मेलेल्याकडे नाही. वकील म्हणून मला ती ओळ समजली. ती समजली याचा मला राग आला.

मग राजकारण. एका सभेत विरोधी उमेदवार त्याला खोगीरवाल्याचं पोर म्हणाला. याने दुसऱ्या दिवशी द्वंद्वाचं आव्हान पाठवलं. राज्यात द्वंद्वाला बंदी होती, म्हणून दोघं आपापली माणसं, पिस्तुलं आणि डॉक्टर घेऊन दक्षिणेची हद्द ओलांडून गेले. कायदा मोडायचा, पण दुसऱ्याच्या हद्दीत. याची गोळी त्याच्या कमरेच्या हाडात बसली. हाड सडलं. नऊ दिवस लागले. पुढच्या निवडणुकीत हा आमदार झाला.

मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगायची. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणायचा, "मस्त वेब सीरिज होईल यार." त्याची चूक नव्हती. मीही सांगताना तशीच सांगत होते.

तोवर मी सुताराच्या पानापर्यंत पोचले नव्हते.

सुतार वकिलाच्या मालकीचा होता. मालकीचा हा शब्द टाइप करताना बोटं दर वेळी अडखळायची. त्याच्या बायकोला शेजारच्या काउंटीत विकलं होतं आणि तो तिला भेटायला दोनदा पळून गेला. दुसऱ्यांदा पकडून आणला तेव्हा वकिलाने त्याला पिठाच्या गिरणीच्या फाटकाला बांधायला लावलं. मुकादमाचा हात सैल पडतोय असं वाटलं म्हणून चाबूक स्वतः घेतला. नंतर पाठीवर मिठाचं पाणी ओतलं. हे सगळं त्याने चार ओळींत लिहिलं होतं आणि पुढे होतं, उजवा हात दुखतो आहे, उद्याचा अर्ज कारकुनाकडून लिहवून घेतला.

मी ते पान टाइप करत असतानाच त्या बाई आल्या. मंगळवारची दुपार होती. काळ्या, साठीच्या पुढच्या, पाठ ताठ, केस बारीक कापलेले. हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या नर्स. अटलांटाहून आल्या होत्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फक्त दोन गोष्टी सांगत आल्या होत्या: आपला मूळ पुरुष या काउंटीतला, आणि तो सुतार होता.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली.

"काय आहे ते?" बाईंनी विचारलं.

"सुताराबद्दल आहे," मी म्हटलं. "तुमचाच असेल असं नाही. पण वाईट आहे."

"मी चाळीस वर्षं इमर्जन्सी रूममध्ये काढलीत. वाचा."

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही. मिठाच्या ओळीवर म्हणाल्या, "ते परत वाचा." मी परत वाचलं.

"मिठाने जखम कमी चिघळते," त्या म्हणाल्या. "म्हणजे माणूस मरत नाही. म्हणजे त्याच्याकडून काम करून घेता येतं आणि परत मारता येतं. त्याला माहीत होतं तो काय करतोय." मग कीबोर्डवरून मागे घेतलेल्या माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही का थांबलात?"

मी त्यांना जे सांगितलं ते तोवर नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. माझी एक अशील होती, पोटगीची केस. तारखेच्या दिवशी आम्ही दोघी कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या होतो आणि तिचा नवरा चालत आला. पिशवीतून कोयता काढला. तिने तोंडापुढे हात धरले. मी एका हाताच्या अंतरावर होते. फाइल छातीशी धरून मी नुसती बघत राहिले. ओरडलेसुद्धा नाही. एका चहावाल्याने केटली फेकून मारली तेव्हा तो थांबला. ती जगली, तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यात तिने मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला लागलं नाही ना?" त्यानंतर चार महिन्यांत मी वकिली सोडली आणि सगळ्यांना सांगितलं की नवऱ्याची बदली अमेरिकेत होतेय म्हणून.

बाई काही समजुतीचं बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या. "पुढे चला," म्हणाल्या. त्यानंतर दर महिन्याला एक मंगळवार त्या येत राहिल्या. वकिलाच्या कागदांत सुताराचं नाव मिळालं आणि आडनाव बाईंच्या माहेरच्या आडनावाशी जुळलं, तेव्हा तो त्यांचाच हे ठरलं. मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणायला लागले.

उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध आलं. वकिलाने राज्य फुटून निघावं म्हणून भाषणं केली आणि दोन्ही मुलगे पाठवले. धाकटा पोटात तोफेचा तुकडा लागून गेला, थोरला कैदेत हगवणीने. त्यानंतर वहीत सात महिने काही नाही. मग जे अक्षर सुरू होतं ते वेगळंच, तिरकं, दाबून लिहिलेलं. ज्यांनी मला आणि माझ्या मुलांना यात ढकललं त्या मोठ्या घरांना मी सुखाने जगू देणार नाही, असं त्याने बायकोला लिहिलं. त्या ढकलणाऱ्यांत तो स्वतःही होता हे त्याने कुठेच लिहिलं नाही. गुलाम मुक्त झाले, त्यांना मत मिळालं, आणि वकील नव्या सरकारच्या बाजूने उभा राहिला. त्यात पश्चात्ताप किती, सूड किती आणि खुर्चीची हाव किती, यावर सर आणि मी पुष्कळ भांडलो.

मत मागायला तो काळ्यांच्या चर्चमध्ये गेला. तो प्रसंग त्याने बायकोला पत्रात कळवला होता. तो बोलायला उभा राहिला तसा मागच्या बाकावरून सुतार उठला. पुढे आला. कोट काढला, सदरा काढला, आणि सगळ्यांकडे तोंड करून, वकिलाकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, आता बोला. वकिलाला बोलता येईना. मग सुताराने सदरा घातला, बटणं लावली आणि लोकांना सांगितलं की याला मत द्या. हा चांगला माणूस नाही. पण जे आपल्याला जाळायला येतात ते आता यालाही जाळणार आहेत, म्हणून हा त्यांच्याशी लढेल.

मावशींनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसल्या. अर्ध्या तासाने आल्या तेव्हा डोळे लाल होते. "असा माणूस होता आमच्याकडे," म्हणाल्या, "आणि आम्हाला फक्त सुतार एवढंच माहीत."

सुताराचा अंदाज बरोबर निघाला. वकील निवडून आला आणि त्याने तोंडं झाकून घरं जाळणाऱ्यांवर खटले भरले. साक्षीदार मिळेनात तेव्हा त्याने एकाला स्वतः काठीने झोडपून कबुलीजबाब घेतला. पद्धत त्याची तीच राहिली, फक्त पाठ बदलली. आणि एका दुपारी, कोर्टाची सुट्टी झालेली असताना, सहा जणांनी त्याला याच इमारतीच्या पायऱ्यांवरून खाली ओढलं. तोंडं झाकायची तसदीसुद्धा घेतली नाही. त्याची काठी हिसकावून तिनेच मारलं, ती मोडल्यावर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांनी. चौकात बाजार भरलेला होता. सगळ्यांनी बघितलं आणि कोणीच काही बघितलं नाही. सुताराने त्याला उचलून आपल्या खटाऱ्यात घातलं आणि घरी पोचवलं. वकील दोन दिवस जगला. जबडा फुटलेला होता, तरी त्याने एकेक नाव सांगितलं आणि बायकोने लिहून घेतलं. त्या आठवड्यातच सुताराचं घर जळालं आणि तो बायकामुलांना घेऊन काउंटी सोडून गेला.

अज्ञात इसम म्हणजे हे सहा. तो कागद खोक्याच्या तळाशी, घडी घालून, शिवलेल्या कापडी पाकिटात होता. सरांनी नावं वाचली आणि खाली बसले. ती आडनावं त्यांच्या ओळखीची होती. त्यांतल्या निम्म्यांचे वंशज त्यांच्या वर्गात बसून गेले होते.

सरांनी सगळं टाइप केलेलं काउंटीच्या मंडळाला दिलं. मंडळाने जाहीर सुनावणी ठेवली, सकाळी दहाची. तोवर बातमी गावभर झाली होती. काहींना वकिलाचं चित्र चाबकासाठी उतरवायचं होतं, काहींना ती सहा नावं उघड व्हायला नको होती. सरांच्या ट्रकची चारही चाकं कोणीतरी फाडली. तळघराच्या दारातून एक पाकीट आत सरकवलेलं सापडलं. त्यात पिस्तुलाची एक गोळी होती, चिठ्ठी नव्हती.

"तू जाऊ नकोस," नवरा म्हणाला. "कॅन्सल कर. आपण इथले आहोत का? त्यांचं ते बघतील."

"मी टाइप केलंय ते. वाचायला मीच पाहिजे."

"तुला आपलं व्हिसाचं स्टेटस कळतं ना? काही झालं तर?"

"मी फक्त वाचणार आहे," मी म्हटलं.

हॉल भरला होता. मावशी पहिल्या रांगेत, जांभळा सूट घालून. सर माझ्या शेजारी उभे होते. मी आधी गिरणीच्या फाटकाचं पान वाचलं. मागून कोणीतरी हुंदका दिला, कोणीतरी "पुरे" म्हणून ओरडलं. मग मी वकिलाच्या विधवेने लिहिलेला नावांचा कागद घेतला. पहिलं नाव वाचलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला डावीकडून एक माणूस उठला. साठीचा, रुंद खांद्यांचा, इस्त्रीचा शर्ट. "ते माझ्या घराण्याचं नाव आहे," तो म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला. मग त्याने समोरची घडीची खुर्ची उचलली आणि सरळ आमच्या दिशेने आला.

ती खुर्ची मला लागायची होती. सर मध्ये आले. कडेचा लोखंडी पाइप त्यांच्या डोळ्यावर बसला. मी तो आवाज ऐकला, ओलं लाकूड फुटावं तसा. सर खाली पडले आणि तो त्यांना बुटाने मारायला लागला, पोटात, छातीत, मोजून मारल्यासारखा. लोक दाराकडे पळत होते. माझ्या समोर टेबलावर माझी स्टीलची पाण्याची बाटली होती, एक लिटरची, भरलेली. ती मी त्याच्या कानामागे मारली. तो गुडघ्यांवर आला. दोन्ही हात जमिनीला टेकवून तो श्वास घेत होता. तो उठत नव्हता, हे मला दिसत होतं. मी बाटली परत उचलली आणि त्याच्या मानेवर दुसऱ्यांदा मारली.

मग मावशींचा हात माझ्या मनगटावर आला. "बस्स. आता मला माझं काम करू दे," असं म्हणून त्या सरांपाशी बसल्या, जांभळं जाकीट काढून त्यांच्या चेहऱ्याखाली दिलं. मग त्याच माणसाकडे वळून त्याची मान दोन्ही हातांत स्थिर धरून बसल्या, अँब्युलन्स येईपर्यंत. त्याला सांगत होत्या, "हलू नका. हळू श्वास घ्या." मी बाटली अजून हातात धरून त्यांच्याकडे बघत उभी होते.

पोलीस तरुण होता, सभ्य. त्याने माझा जबाब घेतला. "तो या गृहस्थांना मारत होता, त्यांचा जीव वाचवायला तुम्ही मारलंत, बरोबर?"

"हो," मी म्हटलं.

"दोन्ही वेळा?"

इतकी वर्षं अशिलांना मी हेच शिकवलं होतं, की विचारलं तेवढंच सांगा. स्वसंरक्षण कुठे संपतं ते मला इंच मोजून माहीत होतं. पहिला फटका कायद्यात बसत होता. दुसरा माझा होता. त्या एका क्षणी मला जे वाटलं ती भीती नव्हती, मला बरं वाटलं होतं. मी गप्प बसले. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि काहीतरी लिहिलं.

घरी आल्यावर नवऱ्याने आधी मला जवळ घेतलं, मग ओरडला, मग रडला. शेवटी विचारलं, "किती वेळा मारलंस?"

"दोनदा. दुसऱ्यांदा तो खाली होता."

मग पहिल्यांदाच मी त्याला व्हरांड्यातल्या त्या दिवसाचं सगळं सांगितलं, केटलीपर्यंत. तो ऐकून म्हणाला, "म्हणून तू इथे आलीस?" मी हो म्हटलं.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही. सरकारी वकिलाने फोनवर दोन मिनिटांत सांगितलं. त्या माणसाने गुन्हा कबूल केला, त्याला तुरुंगवास झाला. त्याची मान वाचली, एका कानाचं ऐकू येणं गेलं. शिक्षेच्या दिवशी मी कोर्टात गेले होते. माझ्या बाजूने बोलणारे तिथे पुष्कळ होते, पण तो मला पाहून मान खाली घालून वळला तेव्हा मी उठून बाहेर पडले. सरांचा डावा डोळा गेला, तीन बरगड्या मोडल्या. मंडळाने चित्र खाली न उतरवता पाटी बदलली. नवीन पाटीवर चाबूक आहे, द्वंद्व आहे, चर्च आहे, आणि सहा नावं आहेत. मजकूर मी लिहिला होता. त्यांनी निम्मा कापला. सुताराचं नाव मात्र मावशींनी कापू दिलं नाही. ते वकिलाच्या नावाच्याच मापात आहे.

दोन महिन्यांनी सर तळघरात परत आले. डोळ्यावर पट्टी, चालताना एक हात बरगड्यांवर. एका डोळ्याने बारीक अक्षर लागत नव्हतं, म्हणून म्हणाले, "तुम्ही वाचा, मी ऐकतो." मी फळीवरचं पुढचं खोकं काढलं. आतली पहिलीच फाइल दोन शेजाऱ्यांच्या खटल्याची होती. एकाची डुकरं दुसऱ्याच्या मक्यात शिरली होती आणि सतरा साक्षीदार तपासले होते. त्यातला एक साक्षीदार शपथेवर सांगत होता की डुकरांची वागणूक एरवी सज्जनपणाची असते. सर हसायला लागले, मग कळ आली म्हणून बरगड्या धरून वाकले, आणि वाकल्या वाकल्या हाताने मला खूण केली की थांबू नका, वाचा.